मुक्ताई भोजनालयाचं फुकट वाय-फाय

१७ नोव्हेंबर, सोमवार

दुपारी नऊ ताटं. नऊ! दोन वर्षांपूर्वी याच वेळेला लोक दाराबाहेर ताटकळत असायचे. आज वांग्याची भाजी अर्धं पातेलं उरली.

हे सकाळपासून गप्प होते, म्हणजे डोक्यात काहीतरी शिजत होतं. जेवण झाल्यावर म्हणाले, "जिमवाला परत येऊन गेला. एक जानेवारीपासून गाळा मागतोय. मी हो म्हणणार आहे."

मी म्हटलं, "नाही."

"कारण?"

नऊ ताटं धुऊन ठेवलेली समोर दिसत होती, कारण काय सांगणार? शेत गेलं, त्यावर ही बिल्डिंग आली, आमच्या वाट्याला तळमजल्याचा हा गाळा आला. सासूबाईंच्या नावाने मी इथे मेस काढली, त्याला चौदा वर्षं झाली. हडपसरात माझं म्हणावं असं एवढंच आहे. यातलं काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, मुदत द्या.

"एकतीस डिसेंबर," हे म्हणाले. "तोवर रोज दुपारी चाळीस ताटं दाखव. नाहीतर जिम."

इतकी वर्षं कारखान्यात सुपरवायझर होते. अजून घरात शिफ्ट लावतात!

१८ नोव्हेंबर

उत्तरेश्वरला सगळं सांगून टाकलं. हा धाराशिवकडचा, कुठल्याशा कंपनीत नेटवर्कचं बघतो, रात्रीचं जेवण आपल्याकडे. भाकरी मोडता मोडता म्हणाला, "काकू, तुमची मेस दिसतच नाही कुणाला. समोर बसस्टॉपला माणसं वीस-वीस मिनिटं उभी असतेत. पण तुमची पाटी वर हाय अन् त्यांची मान खाली, मोबाइलमध्ये."

"मग पाटी खाली लावू?"

"मोबाइलमध्येच लावू की."

फुकट वाय-फाय ठेवायचं म्हणे. ज्याला हवं त्याने वापरावं, जेवायलाच पाहिजे असं नाही. जेवायला कोणी येईना आणि हा इंटरनेट वाढायला सांगतोय!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पांढरी डबी आली, दोन शिंगं असलेली. उत्तरेश्वरने ती आतल्या भिंतीवर उंच बसवली. पुढे बसस्टॉप, मागे पार्किंग, दोन्हीकडे पोचतं.

कुणी वाय-फाय जोडलं की आधी आपलं पान उघडणार, त्यावर आजची भाजी. मग नाव आणि नंबर टाकायचा, की झालं सुरू. मी म्हटलं, "गाव पण विचार. कुठे कामाला आहे ते विचार. लग्न झालंय का—"

"लग्न?"

"विचारायला काय जातंय?"

हसला. "काकू, जितकं जास्त विचारू तितकी माणसं पळून जातेत. नाव अन् नंबर. बास."

मला नाही पटलं. चौदा वर्षं मी दारात आलेल्याला आधी गाव विचारते, मग ऑफिस काय म्हणतंय ते, आणि मग भाजी वाढते. पोरं घर सोडून आलेली असतात, कुणी विचारलं तर बरं वाटतं त्यांना. पण मुलगा शिकलेला आहे. गप्प बसले.

पहिलं वाय-फाय शंभूने जोडलं. शंभू लातूरकडचा. ऑफिस इथून दहा मिनिटांवर, म्हणून दोन वर्षं दोन्ही वेळा इथेच जेवतो. लाजाळू इतका की मीठ हवं असलं तरी शेजारच्याला मागायला लावतो. आज मात्र आपणहून बोलला! "काकू, आमच्या ऑफिसपेक्षा फास्ट आहे."

२२ नोव्हेंबर

दुपारी अकरा ताटं. शिवाय दोघे फुकट वाय-फाय म्हणून आत शिरले, पाणी पिऊन गेले. त्यांना धरलं तर तेरा.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

उत्तरेश्वरच्या डोक्याला सलाम! आज मला नीट कळलं की त्याने काय करून ठेवलंय. अर्ध्या तासाने वाय-फाय आपोआप सुटतं. परत जोडायला गेलं की परत आपलं पान. आणि बरोबर साडेबाराला त्या पानावर फोटो बदलतो. सकाळी नुसतं भाजीचं नाव असतं, साडेबाराला तव्यावर फुगलेली भाकरी! पोटात कावळे ओरडायला लागलेले आणि समोर भाकरी. बसस्टॉपवरून एक माणूस सरळ रस्ता ओलांडून आला. बस सोडली त्याने. मी डोळ्यांनी बघितलं.

शिवाय सकाळी दहाला मी माझ्या मोबाइलवर भाजीचं नाव लिहायचं आणि हिरवं बटण दाबायचं. सगळ्यांना व्हॉट्सॲपवर निरोप जातो. ज्याला नको असेल त्याला बंद करता येतं. आत्तापर्यंत फक्त सहा जणांनी बंद केलंय. त्या दिवशी दुधी होता.

आज सतरा ताटं.

१ डिसेंबर, सोमवार

हे बाहेर चक्कर मारून आले. "मागे पार्किंगमध्येसुद्धा माणसं येऊन बसतात. हातात मोबाइल, नाहीतर लॅपटॉप. जेवायला एक नाही! पाणपोई काढलीस का?"

मी काही बघायला गेले नाही, भाकऱ्या तव्यावर होत्या. पण उत्तरेश्वरला सांगितलं, मागचं बंद कर. म्हणाला, "बसू द्या काकू. आज नाही, उद्या येतील. रोज भाजीचं नाव तर वाचतेत?"

मग त्याने मला त्याच्या लॅपटॉपवर यादी दाखवली. कोण, कुठल्या दिवशी, किती वाजता आलं, किती वेळ होतं, पुढच्या बाजूला की मागच्या. सगळं दिसतं! तो म्हणाला, ही यादी कुणाला द्यायची नाही, आपल्यापुरती. मला तर फार आवडली ती. मी तरी वेगळं काय करते? दोन दिवस कुणी दिसलं नाही की माझ्या लक्षात येतंच.

तेवीस ताटं. मला जमेल असं वाटायला लागलंय.

५ डिसेंबर

तेवीसच. काल बावीस. पुढे सरकेना.

१० डिसेंबर, बुधवार

शंभू आठ दिवस जेवायला आला नाही. दोन्ही वेळा नाही. त्याच्या खोलीतल्या राकेशला विचारलं. "बरा आहे की काकू. रोज नऊला आयकार्ड गळ्यात घालून निघतो. ऑफिसातच खातो म्हणाला."

ऑफिसातच! दोन वर्षं इथे जेवला आणि सांगून जायची रीत नाही? मला राग आला. राग कसला, वाईट वाटलं.

११ डिसेंबर

धरणी पोटात घेईल तर बरं!

दहाला भाजीचा निरोप पाठवला. मग म्हटलं, त्या शंभूला जरा सुनवावं. मोबाइलवर निरोपाच्या नावांत त्याचं नाव शोधलं, त्यावर बोट ठेवलं आणि मनात होतं ते सगळं लिहिलं— "शंभू, आज नववा दिवस. कॅन्टीनचं गोड लागायला लागलं का? पोट बिघडलं की मग काकू आठवेल. मेथीची पातळ भाजी केली आहे, तुझ्यासाठी लसूण जास्त घातलाय. रागावले नाही. पण दुपारी जेवायला आला नाहीस तर रागावेन." हिरवं बटण दाबलं.

वर 'सर्वांना' ही खूण तशीच होती. मला काय माहीत ती आधी काढायची असते!

सहाशे चाळीस लोकांना गेलं. सहाशे चाळीस!!

उत्तरेश्वरला फोन केला तर रडूच आलं. तो हसतच सुटला. मी फोन ठेवून दिला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

काल पुढचं लिहायला हातात बळच नव्हतं. आज लिहिते.

अर्ध्या तासात मोबाइल थरथरायला लागला. मला वाटलं, शिव्या. चष्मा लावून वाचलं—

"काकू, मी शंभू नाही, सौरभ. मीपण दहा दिवस आलो नाही. मला का नाही रागावलात?"

"शंभू कोण माहीत नाही, पण मेथी उरली आहे का?"

शेफाली म्हणून एक मुलगी आहे, एकदाच येऊन गेली होती. तिचं— "काकू, घरून निघाल्यापासून मला असं कुणी विचारलं नव्हतं. किती वाजता येऊ?"

लोणी काळभोरच्या कॉलेजातला एक मुलगा. बसस्टॉपवर कधीतरी वाय-फाय वापरलेलं. त्याने लिहिलं, "पुढच्या वेळी हडपसरला आलो की नक्की. माझ्या वाटणीचा लसूण ठेवा."

आणि माणसं आली! एक वाजता एकही बाक रिकामा नव्हता. हे स्वतः उठून ताक वाढायला लागले, कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक जण आत येताना विचारणार, "काकू, शंभू आला का?" एक जण तर दारातूनच ओरडला, "मीच शंभू! लसूण आणा!"

काल सत्तेचाळीस ताटं. आज एक्कावन्न.

रात्री उत्तरेश्वर आला आणि सरळ माझ्या पाया पडला. "काकू, मी डबी लावली, पान केलं, वेळ साधली. पण हे मला सात जन्मात सुचलं नसतं." मी म्हटलं, मला तरी कुठे सुचलं? चुकलं ते. पण खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. त्याची डबी नसती तर माझं ओरडणं या चार भिंतींतच राहिलं असतं. सहाशे चाळीस घरांत एका दमात शिरणं, तेही उंबरठा न झिजवता! माणसाने काय काय शोधून काढलंय.

खरा शंभू मात्र आला नाही.

१६ डिसेंबर

आता रोजचा निरोप मी माझ्या भाषेतच लिहिते. आज लिहिलं, "कारलं आहे. नाक मुरडायचं नाही." बेचाळीस लोक आले. कारल्याला!

१९ डिसेंबर, शुक्रवार

शंभूचं मनाला लागून राहिलंय. त्याचं नाव चारचौघांत चेष्टेचं झालं म्हणून तर येत नसेल? मुलगा लाजाळू. मीच घाण करून ठेवली. त्याला फोन लावला, उचलला नाही. राकेश म्हणतो, "तसं काही नाही काकू, कामात असतो. रोज संध्याकाळी सातला घरी येतो, अगदी वेळेवर."

मेस त्याच्या नावावर चालली आहे आणि त्याचं ताट रिकामं. याला काय म्हणायचं!

२७ डिसेंबर, शनिवार

उत्तरेश्वरची नवी युक्ती. महिनाभरात आपलं वाय-फाय सगळ्यात जास्त दिवस वापरणाऱ्याला एकतीसला मानाचं ताट. पुरणपोळी, कटाची आमटी, सगळं. यादी तो काढून आणणार. "मग बघा, जानेवारीत प्रत्येक जण पहिला यायला बघतंय की नाही." कुठून सुचतं याला! कंपनीने त्याला डोक्यावर घेऊन नाचायला पाहिजे. मला मुलगी असती तर— जाऊ दे. तेवढंही विचारायचं नाही म्हणतो.

३० डिसेंबर

हे सकाळी जिमवाल्याला फोन करत होते. मी पुरणाची डाळ निवडत कान देऊन होते. एका वाक्यात संपवलं, "गाळा मोकळा नाही."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या ताक जास्त लागेल."

चौदा वर्षांत माझ्या मेसचं त्यांनी केलेलं हे पहिलं कौतुक. मी डाळ निवडत राहिले, पण खडे काही दिसेनात. डोळे भरले होते.

३१ डिसेंबर, बुधवार

दुपारी उत्तरेश्वर यादी घेऊन आला. मानाच्या ताटाचं पहिलं नाव— शंभू.

मी म्हटलं, यादी चुकली, तो तर महिनाभर आलाच नाही. उत्तरेश्वरने परत बघितलं. सोमवार ते शुक्रवार, एकही दिवस चुकलेला नाही. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा. आत नाही, मागच्या बाजूला.

ताट तसंच हातात घेऊन मागे गेले. पार्किंगच्या कोपऱ्यातल्या खांबाआड बसला होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात आयकार्ड, मांडीवर लॅपटॉप. मला बघून उठला. "काकू, नोकरी गेली. महिना झाला. घरी सांगितलं नाही, राकेशलाही नाही. इथून अर्ज करतो. तुमचा निरोप रोज वाचतो. मेथीचापण वाचला. आत येणार होतो, पण तुम्ही विचारलं असतं, ऑफिस काय म्हणतंय."

माझ्या दारापासून तो खांब वीस पावलांवर आहे. उत्तरेश्वरच्या डबीने त्याला काही विचारलं नाही, म्हणून तो तिच्याजवळ बसला.

ताट त्याच्या हातात दिलं आणि शेजारी फरशीवर बसले. पुरणपोळी संपेपर्यंत बसले. काही विचारलं नाही.