ताई, पकडलेली चूक गेली कुठे?

प्रिय ताई,

रागातच लिहितोय. आज सकाळी तुझ्या प्रोग्रॅमने वरच्या आळीला मेसेज धाडला, "आज नळ येणार." बाया दुपारपर्यंत भांडी मांडून बसल्या आणि टाकी कोरडी! आई म्हणाली, "तिनं केलेलं हाये, आता तूच पाहाय." म्हणून तुझा कोड उघडला.

टाकीची पातळी वाचता आली नाही, म्हणून ती वाचणाऱ्या फंक्शनने, कोडच्या त्या तुकड्याने, एक्सेप्शन फेकलं, म्हणजे 'चूक झाली' अशी हाक वर दिली. इथवर ठीक. पण वर, मुख्य फंक्शनमध्ये, तू ते पकडलंस आणि पुढे काय लिहिलंस? काहीच नाही! रिकामे कंस. मग प्रोग्रॅमने मागचाच मेसेज पुन्हा पाठवला.

किती भांडलो होतो आपण यावर! मी म्हणायचो, फंक्शनने उत्तर द्यावं, नाहीतर मागणाऱ्याच्या हातात चूकच ठेवावी. काय आलंय ते बघितल्याशिवाय घेणाऱ्याला पुढे जाताच येऊ नये. तू हसायचीस. "अबे, पायरीपायरीवर काय इचारत बसतं? चूक वर फेक, वरचा पकडते." पकडलीस ना? मग तिचं केलंस काय?

घरचेही तुझ्याच वळणाचे. तू गेलीस त्या दिवशी काकांचा फोन आला, "ताईची तब्येत जराशी बिघडली, येऊन जाय." पुण्याहून बुलढाण्यापर्यंत मी गाडीत तुझ्यासाठी डॉक्टर शोधत होतो गं! दारातली गर्दी बघून कळलं. माणूस वाटेत कोसळू नये म्हणून आपल्याकडे असंच कळवतात, हे मलाही ठाऊक आहे. तरी संताप जात नाही.

आत्ता लिहिता लिहिता सोनाळ्याच्या मावशीचा फोन आला. तिचं हृदय नाजूक, म्हणून तिला अजून कुणी सांगितलेलंच नाही. "ताई फोन काऊन उचलत नाही बे? माह्यावर रागावली का?" मी तोंड उघडलं, तोच आईने फोन ओढून घेतला. "ते बरी हाये. कामात हाये."

म्हणजे मावशीच्या लेखी तू धडधाकट आहेस आणि तिलाच विसरलीस! हे चालतं का तुला?

कोड मी बदलतोय. पातळी कळली नाही, तर आळीला तसंच कळेल. आणि परवा सोनाळ्याला जाणार, आई कितीही बोलली तरी. तिच्या डॉक्टरांना आधी विचारेन, मग तिच्याजवळ बसेन. तू तिच्यावर रागावली नव्हतीस, एवढं तरी तिला कळायला हवं. त्यासाठी दुसरंही सांगावं लागेल. सांगेन.

तुझ्याशी अजून भांडणारा,
संजू