आप्पांचं पुढं काय झालं?

दहिवडीजवळ, आपल्या घरून
१८ सप्टेंबर २०२५

दादा,

नमस्कार. आधी शाळेत शिकवलेला मायना लिहिला होता. तो वाचून तहसीलदारांना अर्ज केल्यासारखं वाटलं, म्हणून तो कागद बाजूला ठेवला आणि हा नवा घेतला.

तिकडं कोइमतूरला तुम्ही सगळे बरे असाल. सोनं वितळवायच्या भट्टीपुढं दिवसभर उभं राहून तुझे डोळे चुरचुरतात असं वहिनी आईला म्हणाल्या होत्या. औषध घालतोस ना? ऋषिराज शाळेत तमिळ बोलतो आणि घरी मराठी, हे ऐकून आईने गल्लीत सगळ्यांना सांगितलं. आता बायका विचारतात, नातवाशी तुम्ही कसं बोलणार?

इकडं ठीक आहे. यंदा गवत बरं आहे, म्हणून मेंढरं लांब न्यावी लागली नाहीत. काळ्या कानाच्या मेंढीला जुळं झालं. आईचा गुडघा दुखतो, पण ती ऐकत नाही. आप्पा ठीक आहेत. जेवतात, मेंढरांमागं जातात. ठीक आहेत.

मागच्या वेळी फोनवर तू म्हणालास, “म्हाताऱ्याला माझ्याशी बोलायचंच नसंल तर मी कशाला यीऊ? दिवाळीला बी येत न्हाई आन् जत्रंला बी न्हाई.” आणि ठेवून दिलास. मी तसाच फोन हातात धरून उभा होतो. त्यावर काय बोलायचं ते मला माहीत होतं, पण मला बोलायची मोकळीक नव्हती. आता आहे. पण ते सरळ सुरू करायला मला जमत नाही, म्हणून आधी ब्लॉगचं सांगतो. एकातूनच दुसरं निघालं आहे.

गेल्या वर्षी आप्पांच्या गळ्यातली गाठ काढायला त्यांना मिरजेला नेलं, तेव्हा सगळ्या पाहुण्यांचे फोन माझ्यावर यायचे. तेच तेच सांगून जीभ वळायची नाही. तेव्हा सांगलीत विश्रामबागला राहणाऱ्या मावशीच्या पल्लवीताईने मला ब्लॉग काढून दिला. म्हणाली, “एकदा लिही, सगळे वाचतील.” त्याला ‘वॉर्डाबाहेर’ असं नाव दिलं. मी आप्पांच्या तब्येतीचं लिहायचो आणि उरलेल्या जागेत आपल्यालाच उपयोगी पडेल असं काहीबाही. पेशंटसोबतच्यांनी आंघोळ कुठं करावी. कुठला चहावाला आपली भाकरी तव्यावर गरम करून देतो. कागदांची फाइल कशी लावावी म्हणजे खिडकीपुढं सगळं उपसावं लागत नाही. दवाखान्यात पहिल्यांदा आलेल्या माणसाला आजारापेक्षा या गोष्टींनी जास्त घाबरायला होतं, हे मला माझ्यावरून कळलं होतं.

आप्पांना घरी आणलं आणि मी लिहायचं थांबवलं. पण लोक वाचतच राहिले. जतचे, आटपाडीचे, पार विजापूरकडचेही. कुणी विचारायचं की अंथरूण आपलं न्यावं लागतं का, कुणी विचारायचं की बाईमाणसाला रात्री थांबता येतं का. मी प्रत्येकाला उत्तर द्यायचो. पाठवण्याआधी तीनदा वाचायचो, कारण चुकीच्या माहितीवर कुणी चुकीच्या दारात जाऊन उभं राहिलं तर?

मग उन्हाळ्यात पल्लवीताईने तो ब्लॉग नीट बघितला आणि कपाळाला हात लावला.

“कृष्णात, तुझ्या पोस्टची नावं काय आहेत रे? ‘आज’. ‘आजचं’. ‘परत आज’. कुठला आज? गरम पाणी शोधत आलेल्या माणसानं कुठल्या आजवर बोट ठेवायचं?”

दादा, तिचं बरोबर होतं. मला सगळं पाठ होतं म्हणून मला ते नीट लावलेलं वाटत होतं. मग दर रविवारी मी एसटीने तिच्याकडं जायचो. तिने मला शिकवलं की नावातच कळलं पाहिजे आत काय आहे. जसं ‘भरती व्हायच्या आधी पिशवीत काय भरावं’. पहिल्याच पानावर दोन ओळीत लिहिलं पाहिजे की हे कुणासाठी आहे. जुनं झालेलं काढलं पाहिजे. एक खाणावळ बंद पडली आहे आणि मी अजून तिथं लोकांना पाठवत होतो, हे कळल्यावर मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मी मिरजेला जाऊन सगळं परत पायी फिरून बघितलं आणि दुरुस्त केलं.

ताई म्हणाली, “आता वाचक टिकवायचे. एकदा आलेला परत आला पाहिजे.”

मी म्हटलं, “ताई, माझा वाचक परत कशाला यायला पाहिजे? तो बरा होऊन घरी जावा, आणि परत कधी त्याला मिरजेची गरज पडू नये.”

ती हसली. मग म्हणाली, “घरी गेल्यावरही प्रश्न असतात की. ते कुठं लिहिलंयस तू?”

म्हणून आम्ही सगळं तीन भागांत लावलं. ‘जायच्या आधी’, ‘वॉर्डाबाहेर असताना’ आणि ‘घरी गेल्यावर’. पहिले दोन भरले. तिसरा रिकामा राहिला. मी म्हटलं सावकाश लिहीन. पण कोण कुठं जातं ते ब्लॉगवर कळतं, आणि सगळ्यात जास्त लोक त्या रिकाम्या भागात जाऊन परत फिरत होते. ज्यांनी माझं सुरुवातीपासून वाचलं होतं ते खाली एकच विचारायचे. आप्पांचं पुढं काय झालं? पेडगावच्या एका मुलाने विचारलं, बोरगावच्या एका मास्तरांनी विचारलं. या एका प्रश्नाला मी कुणालाच उत्तर दिलं नाही.

आता ते लिहितो.

दादा, आप्पा तुझ्यावर रागावलेले नाहीत. आप्पांना बोलता येत नाही.

डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे असं आम्ही तुला सांगत आलो, ब्लॉगवरही मी तेवढंच लिहिलं. सुरुवातीला ते खरंच होतं. पण त्या गाठीबरोबर त्यांच्या आवाजाची पेटीच काढावी लागली. श्वास आता गळ्याला पुढून ठेवलेल्या भोकातून चालतो. तोंडातून वारा येत नाही, म्हणून शिट्टी नाही आणि चहावर फुंकरही नाही. आई त्यांना चहा निववून देते. बाकी काही नाही. गाठ परत आलेली नाही. प्रत्येक तपासणीत डॉक्टर खूश असतात.

मिरजेला जायच्या आदल्या दिवशी तू फोनवर म्हणालास की आता मेंढरं विका, तुमच्याच्यानं व्हायचं नाही. तू काळजीने म्हणालास हे मला कळत होतं. आप्पा म्हणाले, “मेंढरं इकायची सांगणारा तू कोण? परत मला फोन करू नगंस.” दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की जीव राहील पण आवाज राहणार नाही. बाहेर आल्यावर मी विचारलं, “दादाला लावू का फोन?” आप्पा म्हणाले, “नगं. त्ये येडं हातातलं काम टाकून पळत यील. बरा हून बोलतो त्येच्याशी.” डॉक्टर काय म्हणाले ते त्यांना समजलं होतं, पण पटलं नव्हतं. आता तूच बघ, त्यांच्या आवाजातलं तुझ्यासाठीचं शेवटचं बोलणं कुठलं राहिलं ते. तुला ते माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं. घरी आल्यावर त्यांनी मला आणि आईला हाताने बजावलं, तुला सांगायचं नाही. तुझा फोन आला की ते उठून मेंढरांकडं जायचे. तुला वाटायचं राग. ते फक्त तुझा आवाज ऐकू येणार नाही इतके लांब जायचे, कारण ऐकून उत्तर देता येत नव्हतं.

मग ते आता सांगायला कसे तयार झाले, ते ऐक.

तासगावकडच्या राहीबाई म्हणून एक बाई ब्लॉग वाचायच्या. त्यांच्या मालकांना, लालासाहेबांना, हेच ऑपरेशन सांगितलं आहे. लालासाहेब सैन्यातून सुभेदार होऊन आलेले, घरचा ऊस. ऑपरेशनला तयार नव्हते. आप्पांचंही हेच झालं असणार हे राहीबाईंनी माझ्या जुन्या पोस्टवरून ओळखलं आणि लिहिलं की तुझ्या वडिलांना बघायला येऊ का? मी उत्तर लिहून खोडत बसलो. हो म्हणावं तर आप्पांना काय वाटेल, नाही म्हणावं तर त्या माणसाचं काय? माझं उत्तर तयार होईतोवर ती दोघं विचारत विचारत दारात आली.

लालासाहेब बाजेवर बसले ते बोलेचनात. राहीबाई म्हणाल्या, “आवं, बोला की. पल्टनीत शंभर जणावर वरडायचा न्हवं?”

“त्योच तर वांदा हाय,” लालासाहेब म्हणाले. “आवाज गेल्यावर मानूस म्हनून काय उरतंय, त्ये बघाय आलोय.”

मला वाटलं आप्पा उठून जाणार. पण त्यांनी गळ्याचं उपरणं सोडलं. दादा, ते आईसमोरही कधी सोडत नाहीत. लालासाहेबांनी वाकून नीट बघितलं. मग आप्पांनी त्यांच्या दंडाला धरलं आणि माळावर नेलं. मेंढरं पांगलेली होती. आप्पांनी टाळ्याला जीभ लावून टक् टक् केलं आणि काठी पाण्याच्या डब्यावर हाणली. सगळ्या माना वर झाल्या आणि कळप चालत आला. काळ्या कानाची सगळ्यात पुढं.

लालासाहेब म्हणाले, “आयला! हुकूम न्हाई, शिट्टी न्हाई, आन् कंपनी हजर!”

आई म्हणाली, “बोलत व्हतं तवा बी मेंढरंच ऐकायची. आमी कवा ऐकलं?”

आप्पा हसले. त्यांच्या हसण्याला आवाज नसतो, फक्त खांदे हलतात. पण ऑपरेशननंतर खांदे असे हलताना मी पहिल्यांदाच बघितले.

चहा घेताना लालासाहेबांनी विचारलं, “तुमचा थोरला लांब असतोय म्हनं. त्येच्याशी कसं बोलताय?” राहीबाईंनी मालकांना कोपर मारलं. ते म्हणाले, “आगं, मला बी लागनारच की उद्या. लेकीचा फोन आला तर मी काय करू? ह्यास्नी न्हाई इचारायचं तर कुनाला इचारू?”

पाहुणे गेल्यावर आप्पा मला घेऊन ओट्यावर बसले. माझा फोन घेतला, कानाला लावला आणि नाही म्हणून मान हलवली. मग तो मला परत दिला आणि हवेत बोटाने लिहून दाखवलं. मी विचारलं, “ब्लॉगवर लिहू?” हो. “दादाला?” त्यांनी माझी पाठ थोपटली. पण बोटं मोजून दाखवलं, आधी तो, मग बाकीचे.

म्हणून सगळ्यात आधी तुला लिहितो आहे. ‘घरी गेल्यावर’ची पहिली पोस्ट तयार आहे, त्यात गळ्याचं भोक कसं स्वच्छ ठेवायचं, आंघोळीला काय झाकायचं, जेवताना काय होतं, आणि मेंढरांचं, सगळं आहे. तुमचं दोघांचं भांडण त्यात नाही. ते आपल्या घरातलं. तू वाचून हो म्हणालास की टाकतो. एक शब्दही काढायला सांगितलास तर काढतो.

आणखी एक. ऑपरेशननंतर दवाखान्यात त्यांनी बोलायचे उपाय सांगितले होते. गळ्याला लावायचं एक छोटं यंत्र असतं, ते लावून ओठ हलवले की आवाज येतो, पण घरघरणारा, आपला न वाटणारा. आप्पांनी तेव्हा हात झटकला होता. आता लालासाहेब पुढच्या गुरुवारी भरती होत आहेत. राहीबाईंचा फोन आला होता. ते म्हणाले आहेत की धनगर येणार असेल तरच मी आत जाणार. आप्पा त्यांच्याबरोबर जाणार आहेत आणि ते यंत्र परत बघणार आहेत. मी दोघांसोबत आहे. ते वापरायला शिकायला वेळ लागेल, लगेच काही होणार नाही. मी खोटी आशा लिहीत नाही. पण आप्पा स्वतःहून मिरजेला जायचे कपडे पेटीतून काढून ठेवून बसले आहेत.

दादा, तू फोन करशील तेव्हा चेहरा दिसेल असा कर, आणि तू बोलत राहा. काहीही बोल, भट्टीचं, दुकानाचं, ऋषिराजच्या अभ्यासाचं. आप्पा आता उठून जाणार नाहीत. त्यांची उत्तरं हाताने येतील. मला सगळी कळतात, तुलाही कळायला लागतील, आणि ऋषिराजला आपल्या सगळ्यांच्या आधी कळतील.

इथपर्यंत लिहिलेलं मी आत्ता आप्पांना मोठ्याने वाचून दाखवलं. परत फोन करू नकोस, या त्यांच्या बोलण्यापाशी मी अडखळलो. विचारलं, हे काढू का? त्यांनी नको म्हटलं. ते आपण बोललो आहोत, राहू दे, असं. मग पत्रात घालायला आणखी सांगितलं. कोइमतूर कुठल्या दिशेला आहे ते त्यांना माहीत नाही, म्हणून तू गेलास त्या फाट्याच्या रस्त्याकडं त्यांनी बोट केलं. मग हात छातीवर ठेवला. आणि मग लांब गेलेल्या माणसाला माळावरून बोलावतात तसा अख्खा हात वर करून आपल्याकडं ओढला. एकदा करून थांबले नाहीत. मी “लिहिलं, आप्पा” म्हणेपर्यंत करत राहिले.

आप्पा तुला ये म्हणतात.

त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहून देणारा,
तुझा धाकटा,
कृष्णात