डाव्या मडगार्डाचा पत्रा

लातूर, ऑगस्ट १९८२

प्रिय व्यंकट,

तुझं पत्र पोचलं. नांदेडात वरच्या मजल्यावर खोली मिळाली, संसार मांडायला सिंधूला आता पाठवून द्या, असं लिहिलंयस. उत्तराला उशीर झाला, कारण हात रिकामे नव्हते. शिवाय जे बघितलं ते कागदावर कसं उतरवावं, हे कळत नव्हतं.

मन्मथ आप्पांची काळी ऑस्टिन आठवते ना? बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी गावभरच्या जनावरांना आपला गोठा मोकळा केला. गाडी त्याच गोठ्यात उभी होती. जनावरं जगली, पण त्यांच्या मुतानं डावं मडगार्ड खालून खाल्लं. आता लातूर जिल्हा होतोय, त्या दिवशी आप्पांना गाडी मिरवायची आहे. असला पत्रा बाजारात मिळत नाही, हातानंच करावा लागतो. मी हो म्हणालो. आपल्या घरात आजोबांनंतर तांब्याचं काम कुणी केलं नाही, आणि हे मोटारीच्या पत्र्याचं काम मी कुणाच्या हाताखाली न बसता, पत्रे नासवत शिकलो. मोटारीच्या अंगाचा असा बाक नाही जो मला येत नाही, असं मी सांगत आलोय. तू ऐकलंयस.

चांगल्या उजव्या मडगार्डावर खाकी कागद बसवून नमुना काढला, उलटा करून वीस नंबरच्या पत्र्यावर आखला. वाळूच्या पिशवीवर मोगरीनं ठोकून पोट छान आणलं. पण पोट आलं की कडा लाटांसारख्या उठायच्या. अशा वेळी मी कडेला काप देतो आणि वेल्डिंगनं सांधतो. चालतं ते. पण उजेड आडवा पडला की सांधा दिसतो, आणि मला तो दिसतो म्हणजे झोप येत नाही.

सिंधू चहा घेऊन आली ती तिथंच थांबली. म्हणाली, "मामा, कापू नका. चुण्या घाला." मी म्हणालो, "पत्रा हाय पोरी, लुगडं न्हाई." ती हसली नाही. उदगीरला तिच्या वडलांचं तांब्याचं काम, हे आपल्याला ठाऊक होतंच. पण दुष्काळात लोक मोडीत घालायला आणत ती घागरी-पातेली ही पोर वडलांसोबत ठोकून सारखी करायची, हे आपण कधी विचारलंच नाही. तिनं पक्कड घेतली, कडेला निऱ्या घालाव्या तशा चुण्या घातल्या, एकेक लाल तापवून घेतली, आणि हलक्या हातानं ठोकत जिरवत गेली. व्यंकट, चुणी दुमडली नाही. आत गेली. जास्तीचा पत्रा कुठं गेला म्हणून मी कड बोटात धरली, तर ती जाड लागली. लोखंड गोळा होतं हे मला ठाऊक होतं. ते असं सांगितल्यासारखं गोळा होतं, हे ठाऊक नव्हतं.

एकदा चुकली. तापला पत्रा सवयीनं बादलीत बुडवला. तांबं त्यानं मऊ पडतं, आपला पत्रा वेडावाकडा झाला. मी ओरडलो. तिनं दुसरा घेतला आणि मग तो सावकाश निवू दिला.

समोरचा पानवाला माणिकप्पा रोज विचारायचा, "भुजंगा, सुनेच्या हाती हातोडी दिलास, भाकऱ्या तू करायलास काय?" मी म्हणालो, "व्हय, ये जेवायला." तुझ्या आईलाही आधी पटलं नव्हतं. आता ती दुपारी पाट टाकून बघत बसते.

पत्रा बसवला त्या दिवशी मी तळव्याखाली मऊ फडकं धरून, डोळे मिटून, मडगार्डावरून हात फिरवला. फडक्यातून बारीक खोटही कळते. पुन्हा फिरवला. जुना पत्रा कुठं संपतो आणि तिचा कुठं सुरू होतो, मला सापडलं नाही. इतकी वर्षं हे काम करतोय, असं कधी झालं नव्हतं. काळा रंग वाळल्यावर आप्पा आले, मडगार्ड निरखून त्यांनी विचारलं, "काम कवा सुरू करतोस?"

काल तिनं हातोड्या तेल लावून माझ्या फळीवर परत टांगल्या. म्हणाली, "तिथं वरच्या मजल्यावर ठोकलं तर खालचे काय म्हणतील, मामा." एवढंच. तुला ती हे लिहिणार नाही, म्हणून मी लिहितोय. तिला इथंच ठेवून घ्यावं असं माझ्या मनात फार आहे, दारात अजून दोन गाड्या उभ्या आहेत. पण संसार तुमचा आहे, ती तुझ्याकडेच येईल. तेवढी खोली बदल. तळमजल्याची बघ, मातीच्या जमिनीची, म्हणजे पत्रा ठोकायचा ठोकळा रोवता येईल. बाभळीचा ठोकळा मी तासून ठेवलाय. तो एकट्याला उचलत नाही, तेव्हा तिला न्यायला तू स्वतः ये.

तुझाच,
अण्णा