उद्या अनशापोटी आणा

आई, पोरीच्या पोटात आता गाठ नाही. काल पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा पडदा आमच्याकडे वळवून स्वतः तसं सांगितलं. एवढं आधी लिहितो, कारण तू असतीस तर हेच आधी विचारलं असतंस. मी बातमीदारीला लागलो तेव्हा दौंडहून आपल्या गावी, वडगाव रासाईला आलो की अपघाताच्या, भांडणाच्या गोष्टी रंगवत बसायचो आणि तू चुलीपुढून म्हणायचीस, "आधी माणूस जगलं का ते सांग, आन् कोण बोललं ते सांग. बाकीचं जेवताना." पुढं आयुष्यभर याच शिस्तीनं लिहिलं. संपादकांना मात्र वाटायचं, याला आपणच घडवलं.

आता बाकीचं. पोर म्हणजे तुझी पणती. तिच्या बापाला तू पायांवर आडवं घेऊन न्हाऊ घालायचीस. तो आता शिक्रापुरात खोली घेऊन राहतो, नवरा-बायको दोघंही कंपनीत शिफ्टला जातात. गेल्या वर्षी शिफ्टचं जमेना म्हणून पोर काही दिवस दौंडला आमच्याकडे होती. तीन वर्षांची, दिवसभर बडबड. पोट जरा पुढं आलं होतं आणि तुझी सून खुशीत होती, "आज्जीच्या हातचं अंगी लागायला लागलं."

एका सकाळी परसातल्या मोरीतून तिची हाक येते, "अहो, इकडं या जरा." पोर पाटावर उभी आहे, अंगाला साबण. "डाव्या बाजूला हात लावून बघा. कडक लागतंय." मी बघतो. बरगडीखाली खरंच काहीतरी घट्ट आहे, आपल्या जागेवरून हलत नाही. "दुखतं का गं?" "नाई. गुदगुल्या होतात, आबा," म्हणून ती हसते. तेवढ्यात शेजारच्या मावशी भिंतीपलीकडून डोकावतात. तुझ्यासारख्याच त्याही बेंबी बसवतात. "बेंबी सरकलीया, दुसरं काय," त्या म्हणतात. "आणा इकडं. चोळते, तांब्या लावते, सांजच्याला बरी हुईल."

खरं सांगतो, माझा जीव भांड्यात पडला. मी त्यातच वाढलो ना. सकाळी सकाळी आपल्या अंगणात पोटदुखीची पोरं घेऊन बसलेल्या बाया, उताणं निजवलेलं पोर, त्याच्या बेंबीवर पेटती पणती, वर उपडा तांब्या. दिवा विझला की तांब्या पोटाला असा चिकटायचा की रडणारं पोरही बघत राहायचं. मी टॉवेलात गुंडाळून नात उचललीही होती. मावशींनी हात पुढं केले आणि विचारलं, "काय खाल्लंय का हिनं?"

"वाटीभर दूधभाकरी," बायको म्हणाली.

"मंग न्हाई. खाल्ल्या पोटाला मी हात लावत न्हाई. उद्या अनशापोटी आणा."

मला हसूच आलं. शब्दसुद्धा तुझेच. सोसायटीचे चेअरमन जीपमधून नातू घेऊन आले होते आणि पोराच्या हाताला जिलेबीचा पाक लागलेला तू लांबूनच बघितला होतास, आठवतं? "चेअरमन तुम्ही सोसायटीचं. पोट पोराचं हाय. उद्या या," म्हणून तू खुशाल भाकरी थापायला बसलीस. माझे वडील दिवसभर धसका घेऊन होते, आता सोसायटीचं पीककर्ज मिळतं की नाही. दुसऱ्या दिवशी चेअरमन उजाडायच्या आत हजर, आणि पोराचे धुतलेले हात तेच पुढं करून दाखवत होते.

तर असा आम्हाला एक दिवस मोकळा मिळाला. बायको म्हणाली, "उद्यापर्यंत नुसतं बसून काय करायचं? लहान मुलांच्या डॉक्टरला दाखवून तरी येऊ." डॉक्टरांनी तळवा पोटावर अलगद ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"कुणी चोळलंय का?"

"नाही. उद्या चोळणार होतो."

"उद्या नाही, कधीच नाही. आता हिच्या पोटाला कुणी हात लावायचा नाही."

ती मूत्रपिंडाची गाठ होती, आई. कॅन्सरची. लहान मुलांत होणारी, बहुतेक वेळा न दुखता वाढणारी, आणि जोरानं दाबली तर आतल्या आत फुटून पसरू शकणारी. त्या डॉक्टरांनी आम्हाला त्याच दिवशी पुण्याला धाडलं. पण पुण्याच्या डॉक्टरीणबाई पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "या वयातल्या या गाठी औषधाला चांगली दाद देतात. वेळेवर आणलंत." आधी काही आठवडे सलाइनमधून औषध देऊन गाठ आकसवली, मग ऑपरेशन करून ती त्या बाजूच्या मूत्रपिंडासकट काढली, मग पुन्हा औषध. एका मूत्रपिंडावर माणूस आयुष्य काढतं, हे मला तेव्हा कळलं. केस गेले तेव्हा तिनं माझ्या टकलावर हात फिरवला आणि म्हणाली, "आबा, आपण सेम." आणि "पोटाला हात लावायचा नाई" हे तिनं असं पाठ केलं होतं, की राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांनाही तिनं तेच बजावलं. ते हात मागं बांधून उभे राहिले. म्हणाले, "मग परवानगी कुणाची घेऊ?" "माझी."

मावशींना सांगायला मी घाबरत गेलो होतो. त्यांनी सगळं दोनदा विचारून घेतलं. आता कुणी पोर घेऊन आलं की त्या खाल्लंय का हे नंतर विचारतात. आधी विचारतात, "दुखतंय का? घट्ट लागतंय आन् दुखत न्हाई, मंग माझ्याकडं न्हाई, डॉक्टरकडं न्या."

लोक मला म्हणतात, तुम्ही पत्रकार, तुम्हाला बरोबर शंका आली. मी मान डोलावतो. इथं तेवढी दुरुस्ती करतो: शंका कुणालाच आली नव्हती, पोरीनं दूधभाकरी खाल्ली होती.

पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. तशा अजून काही वर्षं चालतील. त्याआधी रविवारी ती दौंडला येतेय आणि फोनवर तिनं जाहीर केलंय, आंघोळ आज्जी नाही, आबा घालणार. आता हलक्या हातानं तेल लावायला डॉक्टरीणबाईंची हरकत नाही. पोटालासुद्धा. हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून सांगून टाकतो: हात हलका पडतो का बघायला आज सकाळी मी दार लावून स्वतःच्याच पोटावर सराव केला. अनशापोटी.