उशाशी कोण बसलंय

४ नोव्हेंबर
मी लहान असताना आई शिवणकाम करायची. सुई टोचू नये म्हणून तिच्या मधल्या बोटात पितळी टोपण असे. रात्री मी अंथरुणात प्रार्थना म्हणू लागलो की ती दाराशी उभी राहून त्या टोपणाने चौकटीवर ताल धरायची. टक् टक्, टक् टक्. आज इथल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी मेट्रनबाईंनी नियम समजावताना पेनाने टेबलावर तशीच टकटक केली आणि मी एकदम पहिलीतल्या पोरासारखा हसलो. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, आजोबा, ऐकू नीट येतं ना?

येतं की! दिसतंही बरं, पाठांतर तर विचारूच नका. जन्मभर इस्पितळात ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, म्हणून नोकरी केली. निवृत्त झाल्यावर सूनबाई चहा वेळेवर द्यायची, पण बोलायला कुणी नसे. इथे माणसांची वाण नाही. बरे न होणारे रुग्ण इथे शेवटचे दिवस काढायला येतात. माझं काम त्यांच्याजवळ बसण्याचं : कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, ओल्या कापसाने ओठ भिजवायचे. मला राहायला स्वयंपाकघरावरची खोली दिलीय. खिडकीतून पायऱ्यांची गल्ली दिसते आणि दुपारभर उन्हाचा एक चौकोन भिंतीवरून सरकत असतो. त्याच्याकडे पाहत शाळेतल्या कविता म्हणत पडावं, यापरतं सुख नाही.

बाईंचा एकच नियम कडक. देव ज्याचा त्याने मनात ठेवावा. रुग्णाने मागितली तरच प्रार्थना म्हणायची. रुग्णाचा कान रुग्णाचा, म्हणाल्या.

७ नोव्हेंबर
कोपऱ्यातल्या खोलीतल्या म्हाताऱ्याशी गट्टी जमली. हा घड्याळं दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला घड्याळजीच म्हणतात. पलंगावरून उठवत नाही, पण जीभ तरतरीत आहे. माझ्या ओठांची हालचाल बघून म्हणाला, काय ब्रदर, वरच्या साहेबांकडे अर्ज चाललाय वाटतं! तुमचा देव आणि माझं वेदनेचं इंजेक्शन, दोघांत वेळेवर येतं ते इंजेक्शन. मी म्हटलं, इंजेक्शनवाल्याला धाडतो कोण? तर म्हणे, मेट्रनबाई. हसता हसता त्याला ठसका लागला. पाठीवरून हात फिरवत बसलो.

मग मात्र गंभीर झाला. त्याची बायको गेली तेव्हा नातेवाइकांनी पलंगाला वेढा घालून इतक्या मोठ्याने प्रार्थना लावली होती की तिचं शेवटचं बोलणं त्याला ऐकूच आलं नाही. ओठ हलताना फक्त दिसले. तेव्हापासून तो विचार करतोय ती काय म्हणाली असेल. म्हणून त्याने मला बजावलं, माझ्या वेळेला कानाशी काही पुटपुटायचं नाही. माझी मुलगी असेल, तिला काय सांगायचं ते मी सांगेन. तुम्ही हात धरा, बास.

त्याच्या हातावर हात ठेवून मी कबूल झालो.

१२ नोव्हेंबर
आज जे केलं ते लिहायलाच हवं.

दुपारी घड्याळजीचा श्वास अडखळू लागला. एक यायचा, मग इतका वेळ काहीच नाही की आपणच श्वास घ्यायला विसरावं. मुलगी अजून वाटेत होती. मी हात धरून बसलो होतो. इतका गोड माणूस, त्याला त्या अंधारात सोबतीशिवाय कसा जाऊ देऊ? कुणाला कळणार होतं? मी वाकलो आणि लहानपणीची निजतानाची प्रार्थना त्याच्या कानात म्हटली.

दार लाविले, दीप निमाला,
देवा, येउनि बैस उशाशी;
वाट संपली, पाउल थकले,

आणि पुढे काहीच नाही. चौथी ओळ येईना. अख्खी पाठ्यपुस्तकं तोंडपाठ असणारा मी, आ वासून बसलो.

घड्याळजीने मोठा श्वास घेतला. मग दुसरा. डोळे उघडले. मला वाटलं माझ्याकडे पाहतोय. तो माझ्याकडे पाहत नव्हता. उशीच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला पाहत होता.

१३ नोव्हेंबर
डॉक्टर चक्रावलेत. म्हणाले, हे कालच आटपायला हवं होतं. इंजेक्शन लागू पडत नाही. घड्याळजी डोळे मिटत नाही, बोलत नाही, विनोद तर नाहीच.

मुलगी दुपारी उशाजवळ पर्स ठेवायला गेली आणि तिने हात मागे घेतला. मला विचारलं, काका, इथे कोणी बसलं होतं का? गादी उबदार लागतेय. मी पाहिलं. उशीशेजारी गादी दबलेली होती. माणूस टेकल्यावर दबते तशी. मी चादर ओढून सारखी केली.

ती हळूहळू पुन्हा दबली.

१४ नोव्हेंबर
घड्याळजी बोलला. खोलीत आम्ही दोघंच. तसं समजत होतो.

म्हणाला, ब्रदर, यांना उठायला सांगा. मी विचारलं कुणाला. म्हणाला, तुम्ही बोलावलंत त्यांना. परवापासून तोंडाजवळ तोंड आणून बसलेत. पोरीशी बोलायचंय, पण मी तोंड उघडलं की हे ऐकायला पुढे वाकतात. आणि हे बसलेत तोवर मला जाताही येत नाहीये.

एवढंच. रागावलाही नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी देवाला उशाशी बोलावलं होतं. हा देव असेल तर उठत का नाही? आणि देव नसेल तर

१५ नोव्हेंबर
मेट्रनबाईंना सगळं सांगितलं. नोकरीवरून काढतील असं वाटलं होतं. त्यांनी पेन फिरवत विचारलं, आजोबा, खरं सांगा, ती प्रार्थना त्याच्यासाठी म्हटलीत की स्वतःच्या भीतीसाठी? मग म्हणाल्या, ज्याला बोलावलंत त्याला वाटेला लावायचं कामही तुमचंच.

चौथी ओळ हवी. ‘उशाशी’ला जुळणारी. सकाळभर जुळवतोय. ‘ने मज आता तुझ्या घराशी.’ घड्याळजीच्या उशाशी जाऊन म्हणून पाहिली. गादी हलली नाही. ‘विरून जावे मी आकाशी.’ नाही. घड्याळजीने नुसती मान हलवली, चुकीचा पुर्जा बसवणाऱ्या शिकाऊ पोराकडे बघून हलवावी तशी.

त्याचे ओठ फाटलेत. कापूस लावला. कापूस माझ्या हातातून कुणीतरी जरासा ओढल्यासारखा —

१६ नोव्हेंबर
माफी मागितली. त्याने माझा हात दाबला.

मग भिंतीच्या बाजूला वळून बोललो. म्हटलं, हाक माझी होती. या माणसाने कुणालाच बोलावलं नव्हतं. उठा इथून. उशी माझी आहे वर, स्वयंपाकघराच्या माडीवर. तिथे बसा.

मग गादी हलकेच वर आली.

घड्याळजीने मुलीला जवळ बोलावलं. मी बाहेर जाऊन दार लोटून घेतलं. काय बोलला ते मला माहीत नाही आणि माहीत असायची गरज नाही. तिने ऐकलं. बाहेर आली तेव्हा रडत होती आणि हसतही होती. म्हणाली, काका, शेवटपर्यंत चेष्टाच.

गेला. शांतपणे.

मी अजून वर गेलेलो नाही.

१७ नोव्हेंबर
आहे.

उशी दबलेली. भिंतीच्या बाजूला. उन्हाचा चौकोन तिथवर येतो आणि तेवढ्या जागेवर पडत नाही.

बसून लिहितोय. पाठ फिरवली की मानेवर ऊब —

१८ नोव्हेंबर
तोंडाजवळ तोंड. घड्याळजी म्हणाला तसंच. चौथ्या ओळीची वाट पाहतंय. प्रार्थना सुरू केली की पुढे वाकतं. मी गप्प झालो की तेही —

श्वास माझा की त्याचा —

१९ नोव्हेंबर
कळलं.

ओळ विसरलेलो नाही. मला ती येतच नव्हती, कधीच नाही. तिसऱ्या ओळीला माझा डोळा लागायचा. चौथी आई म्हणायची. दाराशी उभी राहून, ताल थांबवून, एकटीच —

म्हणजे माझ्यासाठी ती दुसऱ्या कुणीतरी म्हणायला हवी —

दुपार आहे. खाली भांडी घासताहेत. उशाशी बसलेलं ते पहिल्यांदाच वळलंय. दाराकडे बघतंय —

टक् टक्.

मेट्रनबाईंचं पेन नव्हे. पितळ. लाकडी चौकटीवर पितळ —

आई, कडी लावलेली नाही. ये. मी पहिल्या तीन म्हणतो. तू —

दार लाविले, दीप निमाला, देवा, येउनि बैस उशाशी, वाट संपली, पाउल थक