कोपऱ्यावरचा देव हलवण्याबाबत

पांडेसरा, सुरत
मंगळवार

तीर्थस्वरूप पंडितमामांच्या पायांवर हिलालचं डोकं. तुमची कंबर कशी आहे? मामींचा दमा? इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, पण खोटं बोललो म्हणून लहानपणी तुम्हीच मला बडवलं होतं, तेव्हा लिहीत नाही. फोनवर हे बोलता येत नाही (खोली एक, आणि आमच्या सौ. उषाचे कान तिखट), म्हणून गजेंद्र गावी येतोय त्याच्या हाती चिठ्ठी देतो.

मामा, माणसानं गल्ली सुधारायच्या भानगडीत पडू नये. आमच्या दाराशेजारचा कोपरा तुम्ही पाहिलाय. शिळ्या भाकरीपासून मिलमधल्या चिंध्यांपर्यंत सगळी गल्ली तिथंच रिकामी व्हायची. धनश्रीला बघायला पाहुणे यायचे ठरलं आणि मला घाम फुटला. मंडळ काढलं, अध्यक्ष मीच (बैठकीला उशिरा गेलो, त्याची शिक्षा). तीन रविवार कोपरा झाडला. सोमवारी कचरा हजर. पाटी लावली, तर लोक पाटीच्या बरोबर खाली नेम धरून टाकायला लागले. शेवटी माझ्याच डोक्यात किडा वळवळला. भर दुपारी, सगळे कामावर असताना, नदीकाठचा एक गोटा आणला, शेंदूर फासला आणि ठेवून दिला.

तीन दिवस कोपरा आरशासारखा. मी छाती काढून फिरत होतो. चौथ्या दिवशी कोणीतरी नारळ फोडला. आपली माणसं तुम्ही ओळखता. देवाजवळ कचरा टाकणार नाहीत, मेले तरी नाही. पण सुकलेले हार, नारळाच्या शेंड्या, उदबत्तीचे पुडे आणि फुटक्या काचेच्या तसबिरी (घरात ठेवायच्या नाहीत आणि फेकायच्याही नाहीत, अशा), हा काही कचरा नव्हे! शेजारच्या दोन गल्ल्याही आता आपले जुने देव इथंच आणून सोडतात. ढीग माझ्या खिडकीला लागलाय. पूर्वी निदान कचऱ्याचा टेम्पो तरी उचलायचा. आता टेम्पोवाला मगन लांबूनच हात जोडतो आणि म्हणतो, "काका, कचरो होय तो लई जाउं, भगवान ना लई जाउं." म्हणजे कचरा असेल तर नेईन, देव नेणार नाही. मी स्वतः फावडं घेऊन वाकलो तर उषा ओरडली, "देव शे तो! हात नका लावू!" शेंदूर मीच फासला हे सांगावं तर गल्ली मला जिवंत ठेवणार नाही.

रविवारी पाहुणे आले. मुलाची आई त्या ढिगासमोर बराच वेळ उभी राहिली. झेंडू कुजलेला, माश्या घोंगावताहेत. आत येऊन दोन चमचे पोहे खाल्ले, "कळवतो" म्हणाली आणि सगळे नंदुरबारच्या गाडीला निघून गेले. तेव्हापासून फोन मुका आहे. धनश्री खाली मान घालून भांडी घासते. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. स्वतःच्या पोरीचं स्थळ मी स्वतःच्या हातानं घालवलं, मामा.

मामींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा भाचा,
हिलाल

ता.क. १ : खरं काम असं. तुमच्या अंगात देवी येते हे साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे. शुक्रवारी या. कोपऱ्यावर चारचौघांत घुमा आणि सांगा, "मला इथं करमत नाही, सामानासकट हलवा." 'सामानासकट' विसरू नका. जाण्यायेण्याचं तिकीट माझं.

ता.क. २ : चिठ्ठी गजेंद्रच्या हातात देणार तेवढ्यात नंदुरबारहून फोन. पसंती आहे! मुलाच्या आईनं पिशवीतला नारळ ठेवून त्या ढिगापुढं गुडघ्यासाठी नवस बोलला होता, आणि गाडीतून उतरताना गुडघा दुखला नाही. इतक्या जागृत देवाच्या शेजारची पोर सोडायची नाही म्हणतात. लग्न इथंच, पहिली पत्रिका त्या गोट्यालाच. तेव्हा मामा, शुक्रवारी या आणि घुमाच, पण हलवायचं नाव काढू नका. पत्र्याचं छप्पर मागा. आणि सामानाला कोणी हात लावायचा नाही, असं डोळे वटारून सांगा. त्यात विहीणबाईंचा नारळ आहे.