इस्त्रीवालीच्या दारात आम्ही चौघे

तीर्थस्वरूप वहिनींस धाकट्या दिराचा नमस्कार,

तुमचा गुडघा आणि दादाचा राग, दोन्ही उतारावर असतील अशी आशा आहे. माझी तब्येत ठीक. गळ्याच्या ऑपरेशननंतर आवाज काही परत आला नाही, पण बसच्या कंडक्टरकीत इतका ओरडलो आहे की कोटा संपला असं समजतो. (आता मला तिकिटांच्या खिडकीमागे बसवलंय. तिथे माणूस धड उत्तर देईल अशी कोणाची अपेक्षाच नसते.)

पत्र लिहायचं कारण म्हणजे हातून एक वाईट गोष्ट घडली आहे. आमचं मंडळ तुम्हाला ठाऊक आहेच. मी, मास्तर, गवंडी आणि कँटीनच्या मावशी, कॅन्सरमधून उठलेले चौघे, शिंप्याचं दुकान बंद असतं त्या दिवशी त्याच्या पायरीवर बसतो. दवाखान्यातून नव्यानं घरी आलेल्यांना भेटायचं, धीर द्यायचा, एवढंच काम. आपल्या वस्तीत दुसरं कोण करणार? तर गेल्या आठवड्यात तुमच्या मागच्या गल्लीतल्या इस्त्रीवालीकडे जायचं ठरलं. तिचं छातीचं ऑपरेशन झालेलं. (गल्लीत मात्र तिनं बहिणीकडे गेले होते असं सांगितलं होतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही.) एका खोलीच्या घरात चार माणसं बसणार कुठे, म्हणून आम्ही आपली चटई बरोबर नेतो. दार बंद होतं. झोपली असेल, उठवायला नको, म्हणून दारासमोरच चटई अंथरून बसलो. मला आवाज नाही, मास्तर मुळात मितभाषी, गवंड्याचा अर्धा जबडा काढलाय म्हणून तो तोंडावर पांढरा रुमाल धरून असतो, आणि मावशींचे डोळे औषधांनी कायम पाणावलेले. आता तुम्हीच सांगा, बघणाऱ्यानं काय समजावं?

समोरची बाई डोळे पुसत येऊन चटईवर टेकली. मग शेजारपाजार आला, मग कोपऱ्यावरचा न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच टाकून आला. बाई किती गुणाची होती, कधी एक सदरा जाळला नाही, हे सुरू झालं. (ज्याचा जाळला होता त्यानंही मोठ्या मनानं माफ केलं.) मला ओरडून सांगायचं होतं, पण गळा कुठून आणू? मावशींचं त्या रडारडीत कोणी ऐकेना. तेवढ्यात दार उघडलं आणि हातात तापलेली इस्त्री घेऊन ती स्वतःच समोर उभी. न्हावी उठला तो थेट दुकानात. गोंधळ आवरायला मावशींनी घाईघाईनं सांगून टाकलं, "अहो, मेली नाही ती. कॅन्सर झाला होता, आता बरी आहे. आम्हा सगळ्यांनाच झाला होता."

वहिनी, मेलेल्या बाईसाठी अख्खी गल्ली जमली होती, जिवंत बाईसाठी एक माणूस थांबला नाही. दुसऱ्या दिवसापासून लोक आपापले गठ्ठे न्यायला आले, इस्त्री न झालेलेच. आजार कपड्यांतून येतो म्हणे. आम्ही आधार द्यायला गेलो आणि तिच्या पोटावर पाय देऊन आलो. फार वाईट वाटतं. आमचे कपडे आम्ही तिलाच देतो, पण आमच्याकडे कपडे ते किती? गवंडी हल्ली टॉवेललाही इस्त्री करून घेतो. मी माफी मागायला गेलो, तर मान वर न करता म्हणाली, "तुम्ही येईपर्यंत मी बरी होते."

मुलांना आशीर्वाद, दादाला नमस्कार.

तुमचा दीर

ता. क. तुमच्या घरात कामावर जाणारी पाच माणसं. कपडे तिच्याकडे पाठवाल का?

पुन्हा ता. क. हे लिहिणार नव्हतो. परत नेलेल्या गठ्ठ्यांत पहिला तुमचा होता. तो माझ्यासमोरूनच गेला, वरचा दादाचा रेघांचा सदरा मी ओळखला. रागावलो नाही. माझ्या आजारपणात रक्ताचे डाग पडलेले कपडे तुम्ही हातानं धुतलेत, एकदाही नाक न मुरडता. तुम्हाला तेव्हा भीती वाटत नव्हती, असंच मी आजवर धरून चाललो होतो. वाटत असेल आणि तरीही धुतले असतील, तर तिच्यासाठी तेवढंच करा.